तायमी मावशीचं विरजण

१

विरजण सापडलं. जिवंत होतं. ज्याने ते पळवलं त्याला ताज्या पावाचा पहिला तुकडा, वर बोटभर लोणी, अशी शिक्षा झाली. मेजर तार्मो यांच्या डोळ्यांत कांदा गेला. त्या वेळी कांदा कोणी चिरत नव्हतं.

आता हे विसरा. यातलं काहीही घडलेलं नाही. आमच्या दलात काही घडतच नाही. आम्ही किती जण आहोत हे गुपित आहे, कुठे असतो हे गुपित आहे, आणि मुळात आहोत का, यावर मंत्रालय बोलत नाही. तेव्हा मला शेवट ठाऊकच नाही असं समजून सुरुवातीपासून सांगतो.

एस्टोनियाच्या दक्षिणेला, वोरूच्या जंगलात, एक जुनी शाळा आहे. पाटीवर अजून शाळाच लिहिलंय. आत आम्ही राहतो, म्हणजे देशाचं विशेष दल. मोठ्या देशांची सैन्यं अडचणीत आली की मागे हटतात. आम्ही मागे हटलो तर समुद्रात पडू. म्हणून आम्हाला हटायला शिकवत नाहीत, लपायला शिकवतात. बर्फात लपायचं, दलदलीत लपायचं, शत्रू पुढे निघून गेला की त्याच्या पाठीमागे जिवंत राहायचं आणि त्याला झोपू द्यायचं नाही. परदेशी दलं आमच्याकडे हे शिकायला येतात. किंवा येत नाहीत. मी काही बोललो नाही.

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी बाहेर उणे वीस होतं. आम्ही न्याहारीला बसलो आणि टेबलावर काळा पाव नव्हता.

तायमी मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दल सुरू झालं त्या पहिल्या हिवाळ्यापासून ती आम्हाला जेवू घालतेय. तिला मी चिडलेली पाहिलीय, गातानाही पाहिलीय, पण हात रिकामे सोडून नुसती उभी कधी पाहिली नव्हती.

"पिंप नाही," ती म्हणाली.

कोणीच हसलं नाही. मीसुद्धा नाही, आणि मी हसण्याबद्दल दोनदा लेखी ताकीद खाल्लेला माणूस आहे.

२

पिंप म्हणजे मावशीचं पीठ आंबवायचं लहानसं लाकडी पिंप. तिच्या आईच्या आईने त्यात पहिल्यांदा पीठ आंबवलं. पाव भाजताना मूठभर पीठ तळाशी ठेवायचं, त्यावर पुढचं आंबवलं की पुन्हा मूठभर ठेवायचं. दह्याचं विरजण जसं ठेवतात तसंच. ते पिंप धुवायचं नसतं, उसनं द्यायचं नसतं आणि थंडीत उघडं टाकायचं नसतं. म्हणून ते चुलीशेजारी मावशीच्या जुन्या लोकरी कोटाखाली झोपलेलं असे. आमची तुकडी परदेशी निघाली की प्रत्येकाच्या पिशवीत त्या विरजणाचा एक पाव जायचा. वाळवंटात बसून मी तो पाव खाल्लाय आणि वाळूला शिव्या द्यायच्या विसरलोय.

"कोटही गेलाय," मावशी म्हणाली.

मेजर तार्मो उठले. आमचे मेजर शांत आवाजात रागावतात. ते फार वाईट असतं.

"काल रात्री जेवताना मी काय सांगितलं होतं? आज दुपारी राजधानीतून स्वच्छता निरीक्षक येणार आहेत. लाकडी भांडी चालत नाहीत. ते पिंप त्यांच्यापासून कसं वाचवायचं याचा मी विचार करणार होतो. आणि कोणीतरी ते चोरलं. बाईच्या आजीची वस्तू. आपल्याच छपराखाली." त्यांनी एकेकाकडे पाहिलं. "ज्याने हे केलं तो संध्याकाळी या दलात नसेल. कोणीही असो. मिक्क, तू शोध."

मिक्क म्हणजे मी. माझा पाय प्लास्टरमध्ये होता, त्यामुळे दुसऱ्या कुठल्याही कामाला मी निरुपयोगी होतो. शिवाय आमच्याकडे एक प्रशिक्षण असतं: शत्रूने पकडून चौकशी केली तर तोंड कसं उघडायचं नाही. त्यात शत्रूचा अधिकारी मी होतो. ओरडतो छान, असा माझा लौकिक आहे. आजवर माझ्यासमोर कोणी तोंड उघडलेलं नाही. म्हणजे शिकवणं उत्तम आणि चौकशी भिकार.

"मावशी," मी विचारलं, "पिंपाला किती वेळ आहे?"

"कोट अंगावर असेल तर संध्याकाळपर्यंत तग धरेल. बर्फात ठेवलं असेल तर..." तिने रिकाम्या चुलीकडे पाहिलं. "तर आतापर्यंत गेलं, पोरा."

३

मागच्या अंगणात काउपो उभा होता. काउपो आमचा पाणबुड्या. गोठलेल्या तळ्यात उडी मारतो आणि वर येऊन कॉफी मागतो.

"पावलं बघ," तो म्हणाला.

काल संध्याकाळी बर्फ पडून थांबला होता. काउपोचे स्वतःचे ठसे सोडले तर त्या स्वच्छ बर्फावर पावलांची एकच रांग होती. रस्त्याकडून आली होती, सरळ स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी. परत गेलेलं एकही पाऊल नव्हतं.

"मी रांगेमागे रस्त्यापर्यंत जाऊन आलो," काउपो म्हणाला. "पुढे बर्फ साफ करणारी गाडी गेलीय. सगळं पुसलं गेलंय. कोणीतरी बाहेरचा आलाय, मिक्क. गावातला. लिहून टाक."

"बाहेरचा आला. मग गेला कुठे?"

"आत असेल."

त्यामुळे देशाच्या विशेष दलाने पुढचा तासभर एका शाळेत चोर शोधला. पलंगाखाली पाहिलं. वाफेच्या सॉनात पाहिलं. कोणीतरी पावाच्या भट्टीचं दार उघडून आत "बाहेर ये!" असं ओरडलं. मी त्याचं नाव सांगणार नाही, कारण तो मी होतो.

मग मी एकेकाला बोलावलं.

"नाव?" मी काउपोला विचारलं.

"काउपो."

"सकाळी कुठे होतास?"

त्याने पद आणि क्रमांक सांगितला.

"काउपो, हे प्रशिक्षण नाहीये."

"शत्रू नेहमी तसंच म्हणतो."

"ज्या बुटांनी तू रांगेच्या कडेने गेलास त्यांनी निम्मी पावलं तुडवली गेलीत. तुला माग काढायला मीच शिकवलंय. इतका गबाळा तू कधीच नव्हतास."

काउपोने छताकडे पाहिलं आणि पुन्हा क्रमांक सांगितला. या वेळी जरा प्रेमाने.

रेलिका आमचे ड्रोन उडवते. तिला विचारलं तर तिनेही नाव, पद, क्रमांक असाच पाढा म्हटला.

"पहाटे ड्रोन उडवलास ना? उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात काय दिसलं?"

"रोजचंच. रस्त्यापलीकडे आडूच्या गाई, आडूचं घर, आडूचा उकिरडा. थंडीत उकिरडा नेहमी लालभडक दिसतो. आता मी तिकडे बघतही नाही."

"माणूस?"

"बॅटरीची चाचणी चालली होती. माझं लक्ष नव्हतं."

"तू रोज पहाटे आणि रोज संध्याकाळी बॅटरीची चाचणी करतेस. बॅटरीला काय झालंय?"

"नाव रेलिका," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

माझ्यासमोर पहिल्यांदाच कोणाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि मी ओरडलोसुद्धा नव्हतो.

४

शाळेच्या मागच्या खोलीत उस्ताद राहतात. त्यांचं नाव हेलदूर. दल उभं राहिलं तेव्हा आमच्याकडे उसन्या स्की होत्या, फिनलंडहून आलेले जुने कोट होते, आणि एक रेडिओ. ते सगळं हाताळायला शिकवणारा माणूस म्हणजे उस्ताद. कधीच निवृत्त झालेत. बायको गेली, शेत विकलं. अजून नव्या पोरांना शिकवतात म्हणून खोली त्यांच्याकडे आहे. शिकवणं थांबलं की शहरातल्या वृद्धाश्रमात जायचं, असा नियम आहे.

ते खिडकीशी बसून सुरीने चमचा कोरत होते. बाहेर खिडकीच्या कठड्यावर त्यांचे बूट ठेवलेले. उणे वीसमध्ये.

"ये, पोरा. पाय कसा मोडलास?"

"पॅराशूट झाडात अडकलं, उस्ताद."

"झाडात अडकतं ते पॅराशूट. माणसाने खाली यायचं असतं!" ते मनापासून हसले. "काय हवंय?"

"तायमी मावशीचं पिंप चोरीला गेलंय."

सुरी थांबली. त्यांचा चेहरा असा पडला की मला स्वतःचाच राग आला. "तिच्या आजीचं? कोण असेल तो हलकट? सापडला की माझ्याकडे आण." मग म्हणाले, "ती रडली का?"

"नाही."

"मग फार लागलंय तिला." त्यांनी चमचा फिरवून पाहिला. "दलाचा तो पहिला हिवाळा. आमच्या रेडिओची बॅटरी थंडीने मरायची. पोटाशी धरून झोपायचो तरी मरायची. मग मी तिला आडूच्या बापाच्या उकिरड्यात पुरली. आतून शेण कसं गरम असतं, ठाऊकाय? सकाळी काढली तर बॅटरी एकदम ठणठणीत! वास यायचा, पण बोलायची. राजधानीतून साहेब तपासणीला आले, रेडिओ कानाला लावला आणि..." त्यांनी नाक दाबून दाखवलं.

मी हसलो. ही गोष्ट मी दर वर्षी ऐकत आलोय. दर वर्षी हसतो.

"बरं पोरा," उस्ताद म्हणाले, "पाय कसा मोडलास?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते उत्सुकतेने वाट बघत होते.

"अस्वलाशी नाचत होतो," मी म्हणालो.

"कोणाचा पाय कोणावर पडला?"

"माझा त्याच्यावर. तो जास्त रागीट निघाला."

ते इतके हसले की चमचा खाली पडला. मी दाराशी पोचलो तेव्हा पाठीमागून हाक आली, "अरे, पण पाय कसा मोडलास, ते नाही सांगितलंस!"

५

मी मागच्या दाराने अंगणात निघालो. तीन पायऱ्या, त्यावर बर्फ, काखेत कुबड्या. सरळ तोंड करून उतरलो असतो तर दुसराही पाय प्लास्टरात गेला असता. म्हणून पाठमोरा उतरलो आणि तसाच चार पावलं मागे गेलो.

मग समोर पाहिलं.

बर्फात माझ्या एका बुटाचे ठसे होते. सगळे दाराकडे तोंड करून. कोणीही सांगितलं असतं की मिक्क आत गेलाय. आणि मिक्क बाहेर उभा होता, नाकातून वाफ सोडत.

मी वाकून चोराच्या रांगेतला न तुडवलेला एक ठसा पाहिला. टाचेमागे बर्फ ओढला गेला होता. पावलं आखूड, जपून टाकलेली.

चोर आत आलाच नव्हता. तो आतूनच आला होता, कॉरिडॉरमधून, कोणत्याही घरच्या माणसासारखा. पिंप उचललं, कोटात गुंडाळलं आणि पाठमोरा चालत रस्त्यापर्यंत गेला. साफ केलेल्या रस्त्याने परत आला, पुढच्या दाराने.

पाठमोरं चालणं ही जंगलात लपणाऱ्या जुन्या माणसांची युक्ती. आता आम्ही ती शिकवत नाही. पावलं फसवून काय उपयोग, वरून ड्रोन अंगाची ऊब बघतो. ती युक्ती ज्याच्या पायांत अजून आहे असा माणूस या शाळेत एकच.

मी कुबडीवर रेललो. मेजर म्हणाले होते, कोणीही असो.

६

काउपो आणि रेलिका स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. विशेष दलातले लोक असे बटाटे सोलतात की आत काय उरलं ते शोधावं लागतं.

"मला उस्तादांना मेजरांसमोर न्यावं लागेल," मी म्हणालो.

"मी केलं!" काउपो म्हणाला.

"मी!" रेलिका म्हणाली.

माझ्या कारकिर्दीतले पहिलेच कबुलीजबाब, आणि दोन्ही एकदम.

"कसं?" मी काउपोला विचारलं.

"खाल्लं."

"कच्चं पीठ? पिंपासकट?"

"भूक होती."

"आणि तू?"

"ड्रोनने उचललं," रेलिका म्हणाली.

"तुझा ड्रोन सफरचंद उचलताना कण्हतो."

ती खाली बसली. "मिक्क, ते विसरतात. शरद ऋतूपासून. फिरायला जातात आणि वळायचं विसरतात. म्हणून मी ड्रोन उडवते. परत येताना दिसले की झोपते. आज पहाटे रस्त्याने परत येताना दिसले, रिकाम्या हातांनी. मी ते चित्र पुसलं."

"मी त्यांच्या स्कीला लाल लोकर बांधलीय," काउपो म्हणाला, "म्हणजे स्वतःची सापडते. पावलं ओळखली आणि तुडवली. पण पिंप कुठे ठेवलंय देवाला ठाऊक. त्यांना विचारलं, तर म्हणाले, कसलं पिंप?"

"का केलं असेल त्यांनी?" रेलिका म्हणाली. "मावशीला दुखवायला त्यांना जमणारच नाही."

तेवढ्यात अंगणात गाडी थांबली.

निरीक्षक बाई उंच, गंभीर आणि थंडीने लाल झालेल्या होत्या. त्यांनी हात धुतले, भांडी पाहिली, फ्रिजमधल्या मासळीचा वास घेतला. मग वळल्या. "इथे एक लाकडी पिंप आहे म्हणे? माफ करा, ते मला सोबत न्यावं लागेल."

मावशीने एप्रनला हात पुसले. "आज सकाळी चोरीला गेलं. माझ्या आजीचं होतं," ती म्हणाली, आणि मग ती रडली.

खोटं रडणं निरीक्षकांना कळतं. हे खोटं नव्हतं. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि मावशीचा हात धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. निघताना हलकेच म्हणाल्या, "माझ्या आजीकडेही होतं. तुमचं सापडलं तर मला कळवू नका. कळलं की लिहावं लागतं."

गाडी गेली. मी भिंतीला टेकलो होतो, कारण उस्तादांनी हे का केलं ते मला कळलं होतं. काल रात्री जेवताना मेजर म्हणाले होते: लाकडी भांडी चालत नाहीत. राजधानीतून कोणीतरी तपासणीला येतंय. सगळ्यांनी ऐकलं आणि पुढ्यातलं डुक्कर खाल्लं. एकाच माणसाने तो इशारा समजून कारवाई केली. नेमकी, शांत, एकट्याने. शत्रू आला, लक्ष्य मिळालं नाही, शत्रू गेला. त्या दिवशी आमच्या दलात यशस्वी झालेली ती एकमेव मोहीम.

फक्त मोहिमेच्या प्रमुखाला ती आठवत नव्हती, आणि दिवस कलायला लागला होता.

"रेलिका," मी म्हणालो, "तू कुठे बघत नाहीस म्हणालीस?"

७

उस्तादांच्या कठड्यावरचे बूट मी उचलून हुंगले आणि ताबडतोब खाली ठेवले. खात्री पटली.

आडूचा उकिरडा मात्र चर्चएवढा आहे. कुबड्यांवर तो खणणं मला जमणार नव्हतं, आणि चुकीच्या जागी फावडं घातलं तर पिंप फुटलं असतं. मी उस्तादांना बाहेर घेऊन आलो. काउपो आणि रेलिका लांबून मागे येत होते, आणि त्यांच्या मागे, कोणी न बोलावता, मावशी.

"उस्ताद, पिंप कुठे ठेवलंत?" असं मी विचारलं नाही. त्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

"उस्ताद," मी विचारलं, "बॅटरी थंडीने मरतेय. कुठे ठेवू?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मंद पोराकडे बघतात. "किती वेळा सांगायचं? चल."

आणि ते निघाले. रस्ता ओलांडला, कुंपणाच्या तुटक्या फळीवर न बघता पाय ठेवला, उकिरड्याला वळसा घातला. वाऱ्याच्या आड, भिंतीशी, जिथे शेणातून वाफ निघत होती तिथे गुडघ्यावर बसले आणि हातांनीच उकरू लागले. म्हाताऱ्या हातांना जराही विचार करावा लागत नव्हता.

आधी लोकरीची बाही दिसली. मग सगळा कोट. मग पिंप.

उस्ताद मागे सरले. "अरे! हे तायमीचं पिंप. इथे कोणी ठेवलं?"

"कोणीतरी हुशार माणसाने," मी म्हणालो.

"हुशार तर आहेच. ऊब मिळते, वारा नाही." ते विचारात पडले. "पण कोटाला वास येणार बघ. ती चिडेल त्याच्यावर."

मावशी पुढे आली. तिने झाकणाला कान लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग झाकण बोटभर उचललं. आत पीठ बुडबुडे सोडत होतं, जाडजूड आणि समाधानी.

"नाही चिडणार," मावशी म्हणाली.

तिने त्यांचे शेणाने भरलेले हात आपल्या दोन्ही हातांत घेतले. "हेलदूर, थंडी वाजतेय ना? चला घरी."

"आधी बॅटरी," उस्ताद म्हणाले.

"बॅटरी घेतली मी."

८

मेजरांसमोर मी जमेल तसा ताठ उभा राहिलो.

"दोषी?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही, साहेब. सराव होता. अन्नसाठा तपासणीपासून लपवण्याचा. उस्ताद हेलदूर यांनी आखला आणि एकट्याने पार पाडला. आम्ही सगळे नापास झालो. मी भट्टीत चोर शोधला. उस्ताद एकटे पास झाले. या दलाला त्यांच्याकडून अजून बरंच शिकायचंय, असा माझा निष्कर्ष आहे."

मेजरांनी खुर्ची मागे सारली. "त्यांना हा सराव आठवतो?"

"गुप्त सराव होता, साहेब. त्यांच्यापासूनही."

"किती दिवसांपासून?"

"शरद ऋतूपासून."

"आणि सगळ्यांना ठाऊक होतं, मी सोडून." ते खिडकीकडे वळले. "मला बर्फात चालायला त्यांनी शिकवलं. रेलिकाला सांग, ड्रोन लपून उडवायची गरज नाही. ते आता तिचं काम आहे. खोली त्यांच्याकडे राहील. डॉक्टरांशी मी बोलतो." मग त्यांच्या डोळ्यांत तो कांदा गेला.

पाव आला तेव्हा सगळे एकाच टेबलाशी होतो. दारातून येताना उस्ताद नेहमीप्रमाणे म्हणाले, "पावाला बरकत!" आणि आम्ही म्हणालो, "असू दे!" पहिला तुकडा, बोटभर लोणी लावून, मावशीने त्यांच्या हातात दिला. तो निसटून खाली पडला. उस्तादांनी वाकून उचलला आणि आमच्याकडे पडलेल्या पावाचं घेतात तसं त्याचं चुंबन घेतलं. मग ते माझ्याकडे वळले.

"पोरा, पाय कसा मोडलास?"

सगळं टेबल माझ्या उत्तरासाठी थांबलं.

"चंद्रावर उतरताना, उस्ताद."

"पायऱ्या नव्हत्या का?"

अहवाल मी त्याच संध्याकाळी लिहिला. त्यात काहीही घडलेलं नाही. शेवटी साहित्य विभागाला एक विनंती जोडली आहे, ती अशी:

"वरील सरावात उत्तीर्ण झालेले उस्ताद हेलदूर यांचेकडील साहित्याची पडताळणी केली असता, दलाच्या स्थापनेचा पहिला हिवाळा वगळता इतर हिवाळे गहाळ असल्याचे आढळले. सबब विनंती की, सदर गहाळ हिवाळे शोधून, वापरलेल्या अवस्थेत असले तरी चालतील, त्यांना कायमस्वरूपी परत देण्यात यावेत. ते तूर्त शिल्लक नसल्यास, आहे तो एक हिवाळा त्यांच्याकडून कोणत्याही कारणास्तव परत मागण्यात येऊ नये."